ऐकून लिहिलेला प्रोग्राम : अंध प्रोग्रामरांच्या टेक्स्ट एडिटरचा इतिहास

प्रोग्रामचा मजकूर लिहिण्यासाठी, वाचण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनाला टेक्स्ट एडिटर म्हणतात. संगणक जसजसे सुधारत गेले तसतशी ही साधने अंध व्यक्तींनाही अधिकाधिक सोयीची होत गेली असावीत, असा समज सहज होतो. परंतु या साधनांचा इतिहास पाहिला असता तो फारसा टिकत नाही, कारण डोळस प्रोग्रामरांना मोठी प्रगती वाटलेल्या दोन टप्प्यांवर अंध प्रोग्रामरांच्या हातून आधीची सोय निसटली होती.

१९६०च्या दशकात अमेरिकेत अंध व्यक्तींना प्रोग्रामिंगचे शिक्षण देण्याचे पद्धतशीर प्रयत्न सुरू झाले, तेव्हा एडिटर नावाची वस्तू बहुतेकांच्या वापरात नव्हती. प्रोग्राम छिद्रे पाडलेल्या कार्डांवर चढवला जाई आणि त्याचे फलित लाइन प्रिंटरवर, म्हणजे एका वेळी संपूर्ण ओळ छापणाऱ्या यंत्रावर, बाहेर पडे. हे छापील फलित अंध प्रोग्रामरला स्वतः वाचता यावे म्हणून एक युक्ती शोधली गेली होती : कागदामागे लवचीक पट्टी बसवून प्रिंटरला केवळ पूर्णविरामाची टिंबे जोराने उमटवायला लावली, की कागदाच्या मागच्या बाजूला उठाव येत आणि त्या टिंबांची मांडणी आधीच उलटी करून ठेवलेली असल्यास बोटांना ब्रेल वाचता येई. महागड्या यंत्रात कोणताही मोठा बदल न करता साधलेली ही सोय, त्या काळाच्या मानाने, फारच चतुर म्हटली पाहिजे.

त्यानंतर आलेल्या टेलिटाइपवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या आणि कागदावर छापणाऱ्या टंकयंत्रावर, केन थॉम्प्सन यांनी १९६९च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत ‘एड’ हा एडिटर लिहिला. त्यात पाच हा आकडा आणि त्यापुढे ‘पी’ हे अक्षर टंकले की पाचवी ओळ छापली जाई, दुसऱ्या एका आदेशाने ओळीतला शब्द बदलता येई, आणि आज्ञा चुकली तर यंत्र केवळ एक प्रश्नचिन्ह उमटवून गप्प बसे. डोळस वापरकर्त्यांनी या तुटकपणाची पुढे पुष्कळ थट्टा केली. मात्र विचारले तेवढेच, ओळीच्या क्रमाने सांगणारा हा एडिटर अंधांसाठी बनवलेला नसतानाही त्यांच्या गरजेला नेमका जुळत होता, कारण त्यात मजकुराचा कोणताही भाग केवळ नजरेच्या भरवशावर ठेवलेला नव्हता.

काचेच्या पडद्यांचे टर्मिनल रूढ झाले आणि १९७६पासून बिल जॉय यांनी विकसित केलेल्या ‘व्हीआय’सारख्या एडिटरांत कर्सर, म्हणजे लिहिण्याची जागा दाखवणारी खूण, संपूर्ण पडद्यावर हवी तिकडे फिरू लागली, तेव्हा ही जुळणी मोडली. कर्सर कुठे आहे आणि त्याच्या हालचालीने काय बदलले, हे आता पडदा पाहणाऱ्यालाच कळत होते. १९७१पासून विक्रीस असलेले ऑप्टाकॉन हे यंत्र छोट्या कॅमेऱ्याने टिपलेल्या अक्षराचा आकार १४४ थरथरणाऱ्या सुयांनी बोटाखाली उमटवीत असे आणि विशेष भिंग लावल्यास पडदाही वाचू शके; परंतु एकेक अक्षर चाचपत शेकडो ओळींचा प्रोग्राम तपासणे हे कष्टाचेच काम होते.

वैयक्तिक संगणकाने काही काळ दिलासा दिला. डॉस या प्रणालीत पडद्यावरील २५ ओळी आणि प्रत्येक ओळीतील ८० अक्षरे स्मृतीत अक्षरांच्याच रूपात साठवलेली असत, त्यामुळे ती थेट उचलून बोलून दाखवणे शक्य झाले. असे करणाऱ्या प्रोग्रामला स्क्रीन रीडर म्हणतात. आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी केलेले काम आणि स्वतः अपघातात दृष्टी गमावलेल्या टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९मध्ये आणलेला ‘जॉझ’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. पुढे विंडोजने अक्षरांऐवजी ठिपक्यांची चित्रे रंगवण्यास सुरुवात केली आणि वाचण्यासारखे काही स्मृतीत उरले नाही. मग स्क्रीन रीडरना चित्र रंगवण्याच्या आज्ञाच मधल्या मध्ये टिपून पडद्याची एक छुपी प्रत स्वतःपाशी बाळगावी लागली.

या सर्व खटपटीत एक गृहीतक तसेच राहिले होते, ते म्हणजे पडद्यावर जे दिसते तेच वाचून दाखवायचे. त्याला मुळातून छेद दिला तो टी. व्ही. रामन यांनी. १९६५मध्ये पुण्यात जन्मलेल्या रामन यांची दृष्टी काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी गेली. पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी आणि मुंबईच्या आयआयटीतून पुढचे शिक्षण घेऊन ते कॉर्नेल विद्यापीठात गेले, आणि गणिती मजकूर आवाजातून समजेल अशा रीतीने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर त्यांनी १९९४मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘इमॅक्सस्पीक’ प्रसिद्ध केला. इमॅक्स या एडिटरमध्ये एखाद्या क्रियेच्या मूळ संहितेला हात न लावता तिच्या आधी किंवा नंतर स्वतःची क्रिया जोडण्याची सोय आहे; तिचा उपयोग करून रामन यांनी बोलण्याचे काम एडिटरच्या आतच बसवले. त्याचा परिणाम इमॅक्समधील दिनदर्शिकेत चांगला दिसतो : बाहेरून पाहणारा स्क्रीन रीडर तेथे कर्सरखालचा नुसता आकडा वाचतो, तर इमॅक्सस्पीक वार, महिना आणि वर्षासह पूर्ण तारीख सांगतो, कारण तो आकडा कशाचा आहे हे त्याला आतून ठाऊक असते. प्रोग्राममधील टिपा, राखीव शब्द आणि अवतरणांतील मजकूर यांना डोळस वापरकर्ता रंगांवरून ओळखतो. येथे ते निरनिराळ्या आवाजांत ऐकू येतात. अंधांच्या साधनांच्या इतिहासात याहून मूलगामी कल्पना दाखवणे कठीण आहे, तथापि तिची किंमतही मोठी होती, कारण तिचा लाभ घेण्यासाठी सगळे काम इमॅक्सच्या अंगणात आणावे लागे आणि इमॅक्स शिकणे ही सोपी गोष्ट नव्हे.

कार्ल डाल्के या अंध प्रोग्रामरने नेमका उलटा मार्ग धरला. त्यांचा ‘एडब्राउझ’ जुन्या एडच्याच वळणावर बेतलेला असून वेबपानेही त्यात ओळींच्या क्रमानेच वाचली जातात. पडदा हाच अडथळा असेल तर तो मधून काढून टाकावा, असा हा विचार होता. विंडोजवर राहणाऱ्यांसाठी जमाल मझरुई यांनी ‘एडशार्प’ हा स्क्रीन रीडरला धरून रचलेला एडिटर दिला. २००६मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केलेल्या मोफत ‘एनव्हीडीए’ने भारतासारख्या देशांत निवडीचा पायाच बदलला, कारण महागडा स्क्रीन रीडर परवडत नसलेल्याला त्याआधी एडिटरची निवड ही फार पुढची गोष्ट होती. पायथॉन या भाषेत ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागेवरच प्रोग्रामचा अर्थ अवलंबून असल्याने ती जागा किती आहे हे एनव्हीडीए शब्दांत सांगू शकतो, तसेच चढउतार होणाऱ्या सुरांतूनही कळवू शकतो.

मायक्रोसॉफ्टचा २०१५मध्ये आलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर वेबपानाच्या तंत्रावर उभा आहे. त्यात दिसणारा मजकूर वेगळा रंगवला जातो आणि स्क्रीन रीडरसाठी एका अदृश्य चौकटीत त्याची प्रत ठेवली जाते. ओळीवर चूक असल्यास वाजणारे ध्वनिसंकेतही त्यात पुढे आले, आणि रामन यांनी वीसहून अधिक वर्षांपूर्वी मांडलेल्या कल्पनेचे एक अंग अशा रीतीने मुख्य प्रवाहात पोहोचले. ही सोय मोठी असली तरी ती अदृश्य प्रत सतत दुरुस्त ठेवणाऱ्या माणसांवर टिकून आहे, आणि एखाद्या नव्या आवृत्तीत ती बिघडण्याचा धोका कायम राहतो; एडच्या बाबतीत असा धोका उद्भवतच नव्हता, कारण तेथे दोन प्रती नव्हत्या. म्हणून एडिटर निवडणाऱ्या अंध प्रोग्रामरने त्यातील सोयींची यादी पाहण्यापूर्वी, त्यात बिघाड कळवल्यावर तो किती दिवसांत दुरुस्त होतो, हे तपासावे.