बडोद्याची नाणी आणि पाटणची वाव

तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या काळी, १८९० च्या दशकात, यंत्रावर पाडलेला बडोद्याचा रुपया चिमटीत धरून उलटापालटा केला, की आम्हांस एका गोष्टीचे नवल वाटते. एका अंगास महाराजांची मुखमुद्रा. दुसऱ्या अंगास वेलपत्तीच्या वेष्टनात किंमत, संवत आणि तलवार. तांब्याच्या पैशावर तर घोड्याचा खूर व तलवार. मोढेऱ्याचे सूर्यमंदिर, डभोईचा हिरा दरवाजा या राज्याच्याच हद्दीत उभे होते. पण टाकसाळीने त्यांची दखल घेतली नाही.

मुद्रेवर इमारत कोरण्याची रीत काही नवी नव्हती. रोमच्या टायटस बादशहाने इ. स. ८० च्या सुमारास प्रचंड रंगमंडळ नाण्यावर उठविले होते. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे पदककार झाक वीनर यांनी युरोपातील विख्यात वास्तूंची पदकमाला सिद्ध केली. एका बाजूस इमारतीचे बहिरंग, दुसऱ्या बाजूस अंतरंग. संग्राहक ती आजही जिवापाड जपतात.

बडोद्याने आपल्या वास्तू धातूवर नव्हे, ग्रंथांत जतन केल्या, असे म्हणावे लागते. बर्जेस व कझिन्स यांचा उत्तर गुजरातेतील वास्तूंवरील ग्रंथ १९०३ साली निघाला, तो मुख्यतः गायकवाडी मुलखाविषयीच होता. पुढे १९३४ मध्ये राज्याने स्वतंत्र पुरातत्त्व खातेही उघडले.

पाटणच्या राणीच्या वावेपुरता मात्र टाकसाळीला दोष देता येत नाही. भीमदेव सोळंकीची राणी उदयमती हिची म्हणून अकराव्या शतकातली ही वाव सरस्वती नदीच्या गाळाने भरून गेली होती. जे डोळ्यांस दिसतच नव्हते, ते कारागिराने ठशावर कोरावे कसे? १९८० च्या दशकात गाळ उपसून ती पूर्ण मोकळी झाली, तेव्हा सात मजले आणि शेकडो मूर्ती प्रकट झाल्या. लांबी ६४ मीटर, खोली २७ मीटर. २०१४ साली जागतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला.

वावेला बहिरंग नसतेच. सारे वैभव जमिनीच्या पोटात. वीनरची येथे पंचाईत झाली असती!

अखेर २०१८ मध्ये जांभळट रंगाच्या १०० रुपयांच्या नोटेवर ती आली. कागद धातूइतका टिकत नाही, हे खरे. पण पदक संग्राहकाच्या पेटीत राहते. ही नोट भाजीवाल्याच्या गल्ल्यात पडते, चार घड्या होऊन कमरेला खोचली जाते, आणि तिच्या पाठीवरची उदयमतीची वाव रोज हातोहात फिरते.