तिसऱ्याची गाणी

बीटल्स या लिव्हरपूलच्या चौघांमध्ये श्रेष्ठ गीतकार कोण, हा वाद त्यांचा वाद्यवृंद १९७० साली फुटला तेव्हापासून रंगत आला आहे. वाद घालणारे बहुधा गाणी मोजतात. मग पहिल्या दोन जागा जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी यांना, तिसरी जॉर्ज हॅरिसन यांना, आणि स्वतंत्रपणे दोनच गीते रचणाऱ्या रिंगो स्टार यांना शेवटची, असा निकाल लागतो. हा निकाल सर्वस्वी चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि गुण देण्यापूर्वी कोणाला किती जागा मिळाली होती, हे पाहणे न्यायाचे ठरेल.

लेनन आणि मॅकार्टनी यांची पहिली भेट ६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या वूल्टन भागातील सेंट पीटर चर्चच्या जत्रेत झाली. (चर्च अँग्लिकन पंथाचे. मॅकार्टनी व हॅरिसन या दोघांचा बाप्तिस्मा मात्र कॅथोलिक.) गीत कोणीही रचो, खाली दोघांचीही नावे घालावयाची, असा करार या दोघा मित्रांनी तरुणपणीच केला होता. त्यामुळे तबकडीवरील नावावरून कर्ता ओळखता येत नाही. १९६५ चे ‘येस्टरडे’ हे गीत संपूर्णपणे मॅकार्टनी यांचे. त्यात त्यांचा आवाज, त्यांची गिटार आणि चार तंतुवाद्ये एवढेच आहे. इतर तिघांपैकी कोणीही त्यात वाजवीत नाही. तरीही श्रेय दोघांच्या नावे. याउलट १९६७ च्या ‘अ डे इन द लाइफ’ मध्ये सुरुवात व शेवट लेनन यांचा आणि मधला भाग मॅकार्टनी यांचा. येथे जोडनाव खऱ्या अर्थाने शोभते. ‘इन माय लाइफ’ ची चाल कोणाची, याविषयी तर खुद्द त्या दोघांच्याच आठवणी जुळल्या नाहीत. कर्त्यांचेच एकमत नसेल तेथे श्रोत्याने गुण कसे वाटावेत?

दोघांच्याही माता ते किशोरवयात असतानाच वारल्या. ‘लेट इट बी’ मधील मेरी म्हणजे आपली पवित्र मरियाच, असे अनेक भाविक मानतात. वस्तुतः मॅकार्टनी यांना स्वप्नात दिसलेली ती त्यांची आई, मेरी. लेनन यांनी आपल्या आईवर ‘ज्युलिया’ रचले. ते त्यांच्या प्रसिद्ध गीतांहून आम्हाला अधिक भावते.

हॅरिसन हे चौघांत वयाने सर्वांत लहान. या दोन मोठ्यांच्या जोडीत तिसऱ्याला दार नव्हते. १९६३ साली त्यांचे पहिले गीत ध्वनिमुद्रित झाले आणि पुढे बहुतेक तबकड्यांवर एखाददुसरी जागा त्यांच्या वाट्याला येई. आरंभीची त्यांची गीते सामान्य होती, हेही प्रांजळपणे सांगावयास हवे. दार बंद राहण्यास केवळ पक्षपात कारणीभूत नव्हता. परंतु १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ चा आरंभच त्यांच्या ‘टॅक्समन’ ने झाला. तरीही १९६८ च्या दुहेरी तबकडीवरील तीस रचनांपैकी त्यांच्या चारच होत्या. त्यांतील ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ कडे सहकारी पुरेसे लक्ष देईनात, तेव्हा त्यांनी एरिक क्लॅप्टन या मित्राला गिटार वाजविण्यासाठी आणले. पाहुणा आला आणि घरातील माणसे सावरून बसली!

आपल्या मुंबईचाही या कथेत छोटासा वाटा आहे. १९६८ च्या जानेवारीत हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठी येथे आले असता, एच. एम. व्ही. च्या स्टुडिओत भारतीय वादकांकडून त्यांनी ‘द इनर लाइट’ चे वादन मुद्रित करून घेतले. त्याच वर्षी मार्चमध्ये ते एका लहान तबकडीच्या मागील बाजूस निघाले. अशा तबकडीवर स्थान मिळालेली हॅरिसन यांची ही पहिली रचना होय.

पुढील वर्षी ‘अ‍ॅबी रोड’ निघाली. तिच्यात हॅरिसन यांची दोनच गीते आहेत: ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’. दुसरे क्लॅप्टन यांच्या बागेत, कंटाळवाणी बैठक चुकवून आलेल्या मोकळ्या दिवशी सुचले. ‘समथिंग’ हे त्या तबकडीवरील सर्वोत्तम गीत असल्याचे लेनन यांनी स्वतःच मान्य केले. फ्रँक सिनात्रा यांनीही या गीताची मुक्तकंठाने स्तुती केली. मात्र रंगमंचावरून ते लेनन-मॅकार्टनी यांचे म्हणून सांगितले. ज्याने वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्याचे श्रेय असे आयत्या वेळी दुसऱ्याच्या पदरी जावे, हे आम्हाला आजही खटकते.

एकूण कामगिरी पाहता पहिला क्रमांक त्या जोडीचाच; मॅकार्टनी यांची चाल आणि लेनन यांचा शब्द यांना तोड नाही. पण १९६९ या एका वर्षापुरता विचार केला, तर ‘समथिंग’ ला आम्ही सर्वांच्या वर ठेवू आणि ‘हिअर कम्स द सन’ ला त्याच्या शेजारी. रिंगो यांचे ‘ऑक्टोपसेस गार्डन’ मुलांना आवडते. त्यांचे खरे कर्तृत्व ढोलांवर होते आणि ते गीतांच्या यादीत मोजता येत नाही.

त्या वर्षीच्या जानेवारीत हॅरिसन यांनी ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हे गीत सहकाऱ्यांपुढे ठेवले होते. तालमी झाल्या, पण त्या काळी बीटल्सच्या कोणत्याही तबकडीवर ते आले नाही. वाद्यवृंद फुटल्यावर १९७० च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी याच नावाचा संच प्रसिद्ध केला, तेव्हा साठून राहिलेली गीते व मित्रांसोबतचे मोकळे वादन मिळून त्याला तीन तबकड्या लागल्या.