केरूनाना छत्रे आणि टिळकांची ज्योतिर्गणितदृष्टी

लोकमान्य टिळकांच्या चरित्राचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणेच त्यांच्या राजकारणाकडे वेधले जाते. त्यांच्या ज्योतिषविषयक लेखनास फावल्या वेळचा व्यासंग समजून बाजूस सारण्यात येते. हा व्यासंग डेक्कन कॉलेजातील एका अध्यापकाच्या शिकवणीशी कसा निगडित आहे, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे (मृत्यू 1884) हे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली तयार झाले आणि तरुणपणीच कुलाब्याच्या वेधशाळेत कामास लागले. आधी नोंद व मागाहून मत, ही शिस्त त्यांच्या अंगी बाणली ती ह्याच संस्कारातून, असे मानण्यास जागा आहे. 1860 साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जुन्या करणग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष वास्तव नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. ही चूक शतकानुशतके साचत जाते. म्हणून रेवतीची योगतारा आरंभस्थान धरून त्यांनी दृक्प्रत्ययी पंचांगाचा पुरस्कार केला. 1865 पासून ते ‘पटवर्धनी पंचांग’ ह्या नावाने निघू लागले. लोकांनी ते फारसे स्वीकारले नाही. सणवारांच्या तिथी बदलावयाच्या म्हणजे घरोघरच्या श्रद्धेस हात घालणे होते.

टिळक डेक्कन कॉलेजात दाखल झाले व 1876 मध्ये बी. ए. झाले. गणित हा त्यांचा आवडता विषय. तो शिकविणारे केरूनाना. पुढे फर्ग्युसन कॉलेजात टिळकांनी स्वतः गणित शिकविले. परंतु गुरूचा खरा वारसा दिसतो तो 1893 च्या ‘ओरायन’ ग्रंथात. संपातबिंदू सुमारे 72 वर्षांत एक अंश मागे सरतो. अर्थात एक नक्षत्र ओलांडण्यास त्यास सुमारे 960 वर्षे लागतात. पंचांगकर्त्याला ही गती म्हणजे दुरुस्त करावयाची चूक होती. टिळकांनी तिचाच कालमापक केला. वसंतसंपात कृत्तिकांत होता तो काळ आणि मृगशीर्षात होता तो काळ, ह्यांत दोन नक्षत्रांचे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर पडते. ह्या आधारावर त्यांनी वैदिक वाङ्मयाचा आरंभ इसवी सनापूर्वी चार हजार वर्षे वा त्याहूनही मागे नेला. याकोबी हे जर्मन पंडितही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाप्रत आले होते.

हे निष्कर्ष आज बहुसंख्य विद्वानांना मान्य नाहीत. गणितात दोष नाही. वैदिक वचनांतील नक्षत्रोल्लेख संपातदर्शकच आहेत, हे गृहीतक वादग्रस्त आहे. गुरूने आकाशाचा प्रत्यक्ष वेध प्रमाण मानला. शिष्यास मात्र वचनांतून वेध शोधावा लागला. दोघांच्या साधनांतील हा भेद लक्षात घेतल्यावाचून त्यांच्या ऋणानुबंधाचे मोल ठरविता येणार नाही.

पंचांगशुद्धीच्या कार्यात टिळकांनी गुरूचा पक्ष अखेरपर्यंत सोडला नाही. 1904 ची मुंबईची परिषद व पुढील प्रयत्न ह्याची साक्ष देतात. रैवत व चैत्र पक्षांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक असल्यामुळे क्वचित अधिक मास भिन्न येतो आणि सण महिन्याने हटतात. 1952 साली नेमलेल्या, मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नक्षत्रगणनेसाठी चित्रा तारेच्या बाजूने कौल दिला. तथापि टिळक पंचांग काही घराण्यांत आजही पाळले जाते.

केरूनाना सरकारी सेवेत आयुष्य घालविलेले अध्यापक. टिळक सरकारशी झुंजलेले पुढारी. म्हणून गुरूने शिष्यास राजकारणाचा मार्ग दाखविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंपरेने पूज्य मानलेला आकडाही तपासून पाहावा आणि चुकल्यास तो बदलण्याची जबाबदारी घ्यावी, एवढेच डेक्कन कॉलेजातील वर्गातून टिळकांबरोबर बाहेर पडले. अध्यापकाच्या प्रभावाचे मोजमाप करू इच्छिणाऱ्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.