वस्तरा आणि सेफ्टी रेझर : एका कौशल्याच्या स्थलांतराचा इतिहास

साधनांचा इतिहास लिहिताना अभ्यासकास एक मोह नेहमी पडतो. जे साधन नंतर आले ते अधिक चांगले होते म्हणूनच आले, असे गृहीत धरून मागील सर्व घटनांची मांडणी त्या दिशेने करण्याचा हा मोह होय. दाढीच्या साधनांच्या बाबतीत तो विशेष प्रबळ दिसतो. उघड्या पात्याचा वस्तरा धोक्याचा, सेफ्टी रेझर सुरक्षित. म्हणून पहिला मागे पडला व दुसरा रूढ झाला, अशी सरळ कारणपरंपरा सामान्यतः सांगितली जाते. ही परंपरा कालक्रमाच्या कसोटीस उतरत नाही, हे दाखविणे आणि तिच्या जागी अधिक समाधानकारक उपपत्ती सुचविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तऱ्याचा विचार करू. अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळविण्याची रीत सिद्ध केली. त्यामुळे एकजिनसी व कठीण पोलाद कारागिरांच्या हाती आले. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील झोलिंगेन येथील कारागिरांनी पात्याच्या दोन्ही बाजू घासून पोकळ करण्याची कला पूर्णत्वास नेली. अशा पात्याची रचना मोठी विचारपूर्वक केलेली असते. वस्तरा निसण्यावर सपाट ठेवला असता त्याची पाठ व धार या दोहोंचाही दगडास स्पर्श होतो. म्हणून धारेचा कोन हाताने सांभाळावा लागत नाही, तो पात्याच्या आकारातच बांधलेला असतो. मात्र दररोज चामड्याच्या पट्ट्यावर धार फिरविणे, अधूनमधून ती निसण्यावर लावणे आणि गालावर पाते सुमारे ३० अंशांत धरून चालविणे, ही तिन्ही कामे वापरणाऱ्याच्या हाताचीच राहतात. ज्याला ती साधत नसत तो न्हाव्याकडे जाई.

आता धोक्याचा प्रश्न. तो सोडविण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाची वाट पाहत थांबला नव्हता. पॅरिसमधील सुरी-कात्र्यांचा कारागीर झाँ-झाक पेरे याने १७६९ मध्ये स्वतःची दाढी स्वतः कशी करावी, या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सुताराच्या रंध्यात पाते जसे थोडेसेच बाहेर डोकावते, तशी लाकडी आडकाठी वस्तऱ्यास बसविण्याची त्याची कल्पना होती. १८४७ मध्ये विल्यम हेन्सन या इंग्रज संशोधकाने दांड्याशी काटकोनात पाते बसविलेल्या, कुदळीसारख्या आकाराच्या वस्तऱ्याचे पेटंट घेतले. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या कांफे बंधूंनी धारेपुढे संरक्षक कठडा असलेल्या वस्तऱ्याचे पेटंट मिळविले. त्यांचा 'स्टार' हा वस्तरा बाजारात बराच चालला. तात्पर्य, सुरक्षिततेची कल्पना पेरेच्या ग्रंथापासून धरली तरी गिलेटच्या उत्पादनापूर्वी १३४ वर्षे जुनी आहे. एवढ्या दीर्घ काळात उघडा वस्तरा आपल्या स्थानावरून ढळला नाही. केवळ सुरक्षितता हेच कारण असते, तर असे का घडावे?

याचे उत्तर 'स्टार' वस्तऱ्याच्या रचनेतच सापडते. त्याचे पाते म्हणजे जुन्या वस्तऱ्याचाच एक आखूड, जाड तुकडा होता. तो बाहेर काढून, वेगळ्या पकडीत बसवून पट्ट्यावर फिरवावा लागे. जखमेचे भय कमी झाले, पण धार राखण्याचे श्रम व त्यासाठी लागणारे कसब जसेच्या तसे राहिले. किंबहुना लहान पात्यास धार देणे मोठ्या पात्यापेक्षा अवघडच.

किंग कॅम्प गिलेट याच्या कार्याचे मर्म येथे आहे. १८९५ मध्ये त्याला सुचलेली कल्पना कठड्याची नव्हती. धार बोथट झाली की पातेच टाकून द्यावे, ही होती. बाटलीचे बूच बनविणाऱ्या कंपनीत तो विक्रेता होता. एकदा वापरून फेकण्याच्या वस्तूचा व्यापार त्याने जवळून पाहिला होता. परंतु कागदासारख्या पातळ पोलादी पत्र्यास कठीण करून टिकाऊ धार लावणे त्या काळच्या जाणकारांना अशक्य वाटे. ते यंत्राने साध्य केले विल्यम निकरसन या अभियंत्याने. १९०१ मध्ये कंपनी स्थापन झाली. १९०३ मध्ये ५१ रेझर व १६८ पाती विकली गेली. १९०४ मध्ये रेझरांची संख्या ९०,८८४ वर गेली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पेटंट मिळाले. पातळ पाते वरच्या टोपीखाली किंचित वाकवून घट्ट आवळले की त्यास ताठपणा येतो, ही यातील यांत्रिक खुबी होय.

येथे दुसऱ्या एका प्रचलित समजाचा परामर्श घेणे अवश्य आहे. गिलेटने रेझर जवळजवळ फुकट वाटले आणि पात्यांवर नफा मिळविला, असे व्यापारविषयक ग्रंथांत वारंवार लिहिले जाते. शिकागो विद्यापीठातील रँडल पिकर यांनी २०१० मध्ये या कथेची छाननी केली, तेव्हा वस्तुस्थिती जवळजवळ उलट आढळली. पेटंटाचे संरक्षण होते तोवर गिलेटचा रेझर पाच डॉलरला विकला जाई. 'एव्हर-रेडी'सारखे प्रतिस्पर्धी मात्र एका डॉलरला रेझर देत. १९२१ मध्ये पेटंट संपले, तेव्हा कंपनीने जुना नमुना एका डॉलरवर आणला. म्हणजे स्वस्त दांड्याच्या आमिषाने गिऱ्हाईक ओढले गेले, हे स्पष्टीकरण आरंभीच्या प्रसारास लागू पडत नाही. लोकांनी भारी किंमत मोजली, ती पट्ट्यापासून व निसण्यापासून मिळणाऱ्या सुटकेसाठी, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पहिल्या महायुद्धाने या सुटकेचे मोल वाढविले. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरल्यावर तिच्या सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख गिलेट रेझर घेतले. ज्या तरुणांना एरवी वस्तरा परजण्याचे शिक्षण वडिलांकडून वा न्हाव्याकडून मिळाले असते, त्यांना ही सवय सैन्यात लागली.

तथापि हे संक्रमण एका रेषेत झाले नाही. हेन्री गेझमनच्या 'ऑटोस्ट्रॉप'मध्ये पाते न काढता रेझरमधूनच पट्टा ओढून धार लावता येई. ब्रिटनमधील 'रोल्स रेझर'च्या धातूच्या पेटीत एका बाजूस दगड व दुसऱ्या बाजूस चामडे असे, आणि एकच जाड पाते वर्षानुवर्षे चाले. धार राखण्याची कला टाकून न देता ती सोपी करावी, हा तिसरा मार्गही काही दशके जिवंत होता, याची ही साधने साक्ष देतात.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, दोन्ही साधनांतील खरा भेद कापण्याच्या गुणात नसून कौशल्य कोठे वसते यात आहे. उत्तम परजलेला वस्तरा अभ्यासू हातात सेफ्टी रेझरच्या तोडीची दाढी करतो; पण ते कसब प्रत्येक पिढीस नव्याने कमवावे लागते. सेफ्टी रेझरने ते कसब कारखान्यात नेले. त्यामुळे प्रत्येकास स्वावलंबन लाभले खरे, परंतु ते न्हाव्यापासूनचे स्वावलंबन होते. कारखान्यावरचे अवलंबन त्याच क्षणी सुरू झाले.

आपल्याकडील परिस्थिती हाच निष्कर्ष दृढ करते. बारा बलुतेदारांपैकी न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याबरोबर निसणा व चामडे असे, आणि त्याच्या बलुत्यात धार राखण्याच्या या विद्येचेही मोल होते. आज अनेक केशकर्तनालयांत जो वस्तरा दिसतो, त्याचा घाट जुनाच असतो. आत मात्र प्रत्येक गिऱ्हाइकासाठी सेफ्टी रेझरचे अर्धे पाते नव्याने बसवितात. रोगसंसर्ग टाळण्याच्या दृष्टीने हे इष्टच आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यात आणखी एक गोष्ट पाहावी : पाते चालविण्याची कला न्हाव्याच्या हातात राहिली, पाते घडविण्याची कारखान्याकडे गेली. या दोन कला एकमेकींपासून विलग होणे, हीच या साधनाच्या इतिहासातील निर्णायक घटना होय; उघड्या धारेपुढे आलेला कठडा नव्हे.