समरटनच्या शाळा : तुलना आणि तिच्यापलीकडे

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनाचा क्लॅरेन्डन परगणा हा कापूस पिकवणारा ग्रामीण मुलूख. तेथे गोऱ्यांच्या व काळ्यांच्या सरकारी शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. १९४९-५० साली गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत, काळ्या मुलामागे ४३. गोऱ्यांसाठी ३० बसगाड्या होत्या. काळ्यांसाठी एकही नव्हती. रेव्हरंड डीलेन यांच्या पुढाकाराने समरटन गावाभोवतीच्या पालकांनी प्रथम मागितली ती केवळ बस. ती नाकारली गेल्यावर मागणी वाढली आणि ‘ब्रिग्ज विरुद्ध एलियट’ हा खटला उभा राहिला. हॅरी ब्रिग्ज यांना त्यापायी नोकरी गमवावी लागली.

आम्हांला यातील एक क्षण विशेष बोलका वाटतो. मे १९५१ मध्ये सुनावणीच्या आरंभीच प्रतिवादींच्या वकिलांनी शाळांतील विषमता मान्य करून टाकली! इमारती व सोयी समान करू म्हटले की वेगळेपण अबाधित राहते, असा हा हिशेब होता. दोन न्यायाधीशांनी तो स्वीकारला. तिसरे, वेटीज वेअरिंग, यांनी मात्र वेगळे ठेवणे हीच विषमता, असे आपल्या भिन्नमतपत्रात नोंदवले. १९५४ च्या ‘ब्राउन’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने हीच दिशा धरली.

वर्गाबाहेर बसवलेल्या मुलांचा इतिहास आम्हां मराठी वाचकांना परका नाही. शाळा तीच, शिक्षक तोच. खर्चाच्या तक्त्यात तो भेद दिसला नसता. शाळांची तुलना करताना आकडे अवश्य मांडावेत. पण मुलांना वेगळे कोणी बसवले, हा प्रश्न त्याआधी विचारावा.