पाण्याचा करार आणि मिठाचा हिशेब

काशीचा दुर्गाघाट मराठी माणसाला परका वाटत नाही. पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांनी अठराव्या शतकात तो बांधवला. जवळच नाना फडणवीसांचा वाडा आहे. या घाटासमोरून वाहणारी गंगा पुढे बिहार ओलांडून फराक्क्याला पोहोचते. तेथे तिचे पाणी मोजून वाटले जाते. एक वाटा ३८ किलोमीटरच्या कालव्याने हुगळीकडे जातो, उरलेले पाणी बांगलादेशात जाऊन पद्मा होते. घाटावरचा यात्रेकरू पाणी कसे आहे ते पाहतो; करार लिहिणारा अधिकारी पाणी किती आहे ते पाहतो. या दोन दृष्टींमधील अंतराची किंमत किती असते, हे समजण्यासाठी कोलोराडो नदीचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

अमेरिका व मेक्सिको यांच्यात ३ फेब्रुवारी १९४४ रोजी करार झाला. दरवर्षी १५ लाख एकर-फूट, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ६५ टीएमसी, पाणी मेक्सिकोला द्यायचे ठरले. ते कोणत्याही स्रोतातून आलेले चालेल, असे शब्द करारात होते. पाण्याच्या प्रतीविषयी मात्र एकही आकडा नव्हता.

ॲरिझोनातील वेल्टन-मोहॉक खोऱ्यात सिंचनामुळे भूजल वर आले आणि जमिनी खारावू लागल्या. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातील क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको. उपाय म्हणून तेथे विहिरी खोदून खारे पाणी उपसण्यात आले आणि १९६१ पासून ते नदीत सोडण्यात येऊ लागले. सीमेवरील पाण्याची क्षारता दर दशलक्ष भागांत सुमारे ८०० भागांवरून वाढून वार्षिक सरासरीने १५०० च्या आसपास गेली. मेक्सिकाली खोऱ्यातील शेतकऱ्यांची पिके करपली. अमेरिकेची बाजू कराराच्या शब्दांत चोख होती : पाणी ठरल्याइतके दिले जात होते. त्या पाण्यावर पीक येत नव्हते, एवढेच.

१९७२ साली मेक्सिकोचे अध्यक्ष लुई एचेव्हेरिया यांनी अमेरिकी काँग्रेससमोर हा प्रश्न मांडला. अखेर ३० ऑगस्ट १९७३ रोजी ‘मिनिट २४२’ या नावाने ओळखला जाणारा समझोता झाला. मोरेलोस धरणाच्या वर मेक्सिकोला मिळणाऱ्या पाण्याची वार्षिक सरासरी क्षारता ही अमेरिकेतील इम्पिरियल धरणापाशी असलेल्या क्षारतेपेक्षा फार तर ११५ भागांनी (३० भाग कमीअधिक) जास्त असावी, असे ठरले. कराराच्या तीन दशकांनंतर मिठाला आकडा मिळाला.

आता तो पाळायचा कसा? खऱ्या अर्थाने उपाय मुळाशीच होता : खारे पाणी निर्माण करणारे सिंचन कमी करणे. १९७४ च्या कायद्यात तशी काही तरतूद होतीही. परंतु नदीकाठच्या राज्यांपैकी कोणीही आपल्या वाट्याचे पाणी सोडण्यास तयार नव्हते. म्हणून मुख्य भर यूमा येथील निःक्षारीकरण प्रकल्पावर देण्यात आला आणि खर्च संघराज्याच्या तिजोरीवर टाकण्यात आला. लाभ काही शेतकऱ्यांचा आणि भार सर्व करदात्यांचा, ही अर्थशास्त्रातील जुनीच कथा आहे.

सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून, दिवसाला सुमारे २७ कोटी लिटर गोडे पाणी देऊ शकणारा हा प्रकल्प १९९२ साली पूर्ण झाला. जेमतेम एक-तृतीयांश क्षमतेने काही महिने चालला. १९९३ च्या आरंभी हिला नदीच्या पुराने खाऱ्या पाण्याचा कालवा फुटला आणि यंत्रे थांबली. त्यानंतर २००७ साली ९० दिवस आणि २०१०-११ मध्ये सुमारे वर्षभर, एवढ्याच चाचण्या झाल्या. मग बंधन पाळले कसे गेले? खारे पाणी वेगळ्या कालव्याने नदीला टाळून मेक्सिकोच्या किनाऱ्याकडे सोडले गेले आणि त्याच्या जागी नदीतील दुसरे पाणी दिले गेले. त्या खाऱ्या पाण्यावर सिएनेगा दे सांता क्लारा ही मोठी पाणथळ भूमी फुलली आणि तेथे दुर्मीळ पक्षी वस्तीला आले. आता प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालवायचा म्हटले, तर ही पाणथळ भूमी धोक्यात येते.

आता पुन्हा गंगेकडे वळू. फराक्का धरण १९७५ साली सुरू झाले, ते कोलकाता बंदरातील गाळ धुऊन जावा व हुगळीतील क्षारता आटोक्यात राहावी म्हणून. १२ डिसेंबर १९९६ च्या भारत-बांगलादेश करारात १ जानेवारी ते ३१ मे या काळासाठी दर दहा दिवसांचे वाटप ठरले. प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे, ७५ हजार किंवा त्याहून अधिक असेल तर भारताला ४० हजार व उरलेले बांगलादेशाला. या वाटपाच्या तक्त्यांत क्षारतेचा आकडा नाही. आणि तिकडे उन्हाळ्यात गोराई नदीचा प्रवाह आटला की खुलना परिसरात समुद्राचे खारे पाणी आत चढते.

येथे मीठ समुद्राचे आहे, शेतातले नव्हे. त्यामुळे यूमासारखे यंत्र हे त्यावरचे उत्तर नाही. शिवाय त्या खारेपणाला कोळंबीची तळी, १९६० च्या दशकापासूनचे बांध आणि समुद्राची वाढती पातळी हीही कारणे आहेत. परंतु कोणत्या कारणाचा वाटा किती, हे दोन्ही देशांनी मिळून मोजलेले नसेल, तर सगळा दोष फराक्क्याच्या माथी मारणे सोपे जाते, आणि सगळा दोष नाकारणेही तितकेच सोपे जाते.

१९९६ च्या कराराची मुदत तीस वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. पुढचा करार लिहिताना क्युसेकच्या रकान्याशेजारी क्षारतेचा रकाना असावा, संयुक्त मोजणी केंद्रे ठरावीत आणि आकडे जाहीर व्हावेत, असे मला वाटते. यात भारताने काही गमावण्यासारखे नाही. हुगळीकाठच्या आपल्या लोकांचेही पिण्याचे पाणी त्याच मिठाशी झगडत असते. अमेरिकेने ज्या आकड्यासाठी तीस वर्षे लावली आणि नंतर कोट्यवधी डॉलर मोजले, तो आपण आरंभीच कागदावर आणू शकतो. त्याला लागेल तो एक रकाना, आणि तो प्रामाणिकपणे भरणारे कारकून.