एका मातेचा कायद्याशीं झगडा

पतिपत्नींचें फाटलें म्हणजे मुलें कोणाकडे राहावयाचीं व चीजवस्तु कोणाची, हा तंटा जुनाच आहे. पण तो न्यायासनापुढें नेण्याचा अधिकार पत्नीस कसा मिळाला, हें पाहूं गेल्यास इंग्लंडांतील एका स्त्रीची हकीकत आम्हांस फार मोलाची वाटते.

नाटककार शेरिडनची नात कॅरोलाइन हिचा विवाह १८२७ सालीं जॉर्ज नॉर्टन या बॅरिस्टराशीं झाला. नवरा मारकुटा, बायको लेखणीवर संसारास हातभार लावणारी. १८३६ सालीं त्यानें तिन्ही मुलें तिच्यापासून तोडलीं, आणि मुख्य प्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवून दहा हजार पौंडांची फिर्याद लावली. (याच मेलबर्ननीं त्याला मॅजिस्ट्रेटची जागा दिली होती!) ज्यूरीनें जागचें न हलतां त्यांस निर्दोषी ठरविलें. परंतु जिची अब्रू पणाला लागली, ती त्या खटल्यांत पक्षकारच नव्हती. तिला स्वतःचा वकील देतां येत नव्हता. विवाहित स्त्रीस नवऱ्याहून निराळें अस्तित्व कायदा मानीतच नसे. मुलें तर बापाचींच.

तिनें पत्रकें लिहिलीं, सार्जंट टॅलफर्ड यांनीं पार्लमेंटांत बिल आणलें, आणि १८३९ सालीं सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठीं चॅन्सरी कोर्टांत अर्ज करण्याची मुभा मातेस मिळाली. मात्र तिच्यावर व्यभिचार शाबीत झालेला नसावा. पण नॉर्टननें मुलें स्कॉटलंडांत ठेविलीं होतीं, व तेथें हा कायदा चालत नव्हता. १८४२ सालीं धाकटा मुलगा घोड्यावरून पडून दुखावला. आई पोंचली तेव्हां सारें आटोपलें होतें.

१८४८ सालीं नवऱ्यानें तिला सालीना रक्कम देण्याचा करार केला. पुढें तिला आईकडून वारसा मिळतांच त्यानें हात आखडला, आणि १८५३ सालीं प्रकरण कोर्टांत गेलें तेव्हां, पतिपत्नींमधील करार कायद्यानें पोकळ होय, असें सांगून हा मॅजिस्ट्रेट मोकळा झाला! तिच्या पुस्तकांचें उत्पन्नहि तो आपलेंच म्हणे.

१८५७ च्या कायद्यानें घटस्फोटाचें न्यायालय स्थापन झालें व टाकलेल्या स्त्रीच्या कमाईस संरक्षण मिळालें. तरी पतीस पत्नीचा व्यभिचार दाखविला कीं पुरे. पत्नीस त्याच्या जोडीला छळ किंवा परित्याग यांसारखें आणखी कांहीं सिद्ध करावें लागे. तीच विषमता १८६९ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतील ख्रिस्ती स्त्रियांच्या माथीं मारिली. इंग्लंडनें ती १९२३ सालीं टाकली. आपण २००१ सालीं.

कॅरोलाइनला घटस्फोट कधींच मिळाला नाहीं. १८७५ सालीं नॉर्टन वारला तेव्हांच ती सुटली. १८७७ सालीं तिनें पुन्हां विवाह केला, आणि त्याच वर्षीं ती निवर्तली.